देवयानीताईंचं वाण

आसावरीला ‘नको’ हा शब्द ऐकूच येत नाही, असं आबा म्हणायचे. म्हणजे त्यांना अजून बोलता येत होतं तेव्हा. नागपूरच्या घरी पंगतीत ती वाढायला उभी राहिली की पाहुणे पानावर आडवे हात धरायचे आणि ती बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायची. आबा ते कौतुकाने सांगत आणि घरातले सगळे कौतुक म्हणूनच ऐकत. याच गुणावर तिने अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आपलं बस्तान बसवलं, दोन्ही धाकट्या भावांना एकामागून एक तिकडे आणलं, आणि त्यातल्या मोठ्या सुशांतसाठी रेणूचं स्थळ नक्की केलं. रेणूचे वडील ‘मुलगी अजून शिकतेय, आत्ता नको’ म्हणाले होते. त्यांच्याही पानात तिने जिलबी सरकवलीच. पुढे ते लग्न मोडलं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं घर सुशांतकडे राहिलं, रेणू शेजारच्या गावात अपार्टमेंट घेऊन राहिली, आणि दहा वर्षांची नीलांबरी दोन घरांच्या मध्ये बॅग घेऊन ये-जा करू लागली. आसावरी मात्र होती तशीच होती.

संक्रांतीनंतरचा लाँग वीकेंड आणि पुढचा सगळा आठवडा साधून ती शिकागोला उतरली, ती बॅगेत तीळ, गूळ, हलवा आणि आईने तिला दिलेला चांदीचा करंडा घेऊन. सुशांतच्या घरी शनिवारी हळदीकुंकू करायचं हे तिने फोनवरच ठरवून टाकलं होतं.

“ताई, नको ना,” सुशांत म्हणाला. “शनिवारी देवयानी येणारेत होम व्हिजिटला.”

“मग त्या अकराला, बायका तीनला. क्लॅश कुठे होतोय?”

“त्यांना नीलूला नॉर्मल रुटीनमध्ये बघायचंय गं. घरात गडबड नकोय.”

“संक्रांतीला हळदीकुंकू हे नॉर्मलच आहे. उलट बरं दिसेल. घर घरासारखं दिसेल.”

सुशांत गप्प बसला. बहिणीपुढे गप्प बसायची त्याला लहानपणापासून सवय, आणि बायकोपुढे गप्प बसायची अजिबात नाही. त्याच्या संसाराचं जे झालं त्यात या सवयीचा वाटा मोठा होता, पण ते त्याला कोण सांगणार.

देवयानी म्हणजे कोर्टाने नेमलेली पेरेंटिंग कोऑर्डिनेटर. घटस्फोट झाला तरी ज्यांचं भांडण काही संपत नाही, अशा आईबापांच्या मध्ये उभं राहून मुलांचं काय ते मार्गी लावायचं, हा तिचा पेशा. तिला आणायची वेळ आली ती गेल्या ऑगस्टात. मुलीला एकाने दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची जागा कोर्टाने पोलीस स्टेशनचं पार्किंग ठरवून दिली होती. तिथे भर दुपारी सुशांत रेणूवर ओरडला, “नागपूरला नेऊन ठेवीन तिला, मग बस शोधत.” रेणूने ते फोनवर रेकॉर्ड केलं. नीलू दोन गाड्यांच्या मध्ये उभी होती, तिथेच तिला उलटी झाली. त्यानंतर जजने दोघांपुढे नावांची यादी ठेवली आणि घटस्फोटानंतर पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. रेणू म्हणाली, ही बाई नीलूशी मराठीत बोलेल. सुशांतनेही तेच नाव घेतलं, कारण आसावरीने फोनवरून सांगितलं होतं, “आपलं माणूस आहे. आपलं ऐकेल.”

आपलं माणूस कोणाचंच ऐकत नव्हतं, हा भाग वेगळा. देवयानीने दोघांनाही सारखंच धारेवर धरलं. मुलीच्या सगळ्या वस्तू दोन्ही घरी घ्यायला लावल्या, म्हणजे बॅग नको आणि बॅगेवरून भांडण नको. शुक्रवारी एकाने शाळेत सोडायचं, दुसऱ्याने शाळेतून न्यायचं, म्हणजे समोरासमोर यायलाच नको. एकमेकांना मेसेज करायचा तो तीन ओळींचा, त्यात एकही विशेषण नको. सुशांत त्यावर चिडायचा. पण डिसेंबरात त्याने ‘नीलूला खोकला आहे. औषध दिलं. ताप नाही’ असं लिहिलं आणि रेणूकडून ‘थँक यू’ आलं, तेव्हा त्याने तो मेसेज आसावरीला फॉरवर्ड केला होता.

आणि खरा मुद्दा होता नागपूरचा. आबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. ते आता विमानात बसणार नव्हते. पण बुद्धिबळाचा पट समोर असला की त्यांचं डोकं पूर्वीसारखंच चालायचं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा बोटांनी घर दाखवायचे, आजी सोंगटी हलवायची आणि इकडे नीलू तिच्या पटावर तेच करायची. या उन्हाळ्यात आबांसमोर बसून खेळायचं, हे नीलूनेच देवयानीला सांगितलं होतं. रेणू नीलूचा पासपोर्ट द्यायला तयार नव्हती आणि ऑगस्टातली ती धमकी ऐकल्यावर कोणती आई झाली असती. तरी देवयानीने तिला हळूहळू आणलं होतं. परतीचं तिकीट आधी दाखवायचं, सुशांतने जजसमोर लिहून द्यायचं, नागपुरात असताना नीलूने दर आठवड्याला देवयानीशी व्हिडिओवर बोलायचं. महिनाअखेर तिची शिफारस कोर्टात जायची होती. आबांना दुसरा झटका कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आसावरीला रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचाच यायचा.

शनिवारी देवयानी आली. उंच, कापलेले केस, दारातच बूट काढून जाड मोज्यांवर आत आली. आसावरीची नजर आधी तिच्या गळ्याकडे गेली. गळा मोकळा होता. आजकाल त्यावरून काही कळत नाही.

“मी पाणी घेईन, चहा घेईन,” देवयानी हसून म्हणाली. “त्याशिवाय काही नाही. वाईट वाटून घेऊ नका हं. कामाचा नियम आहे.”

“वाईट कसलं,” आसावरी म्हणाली आणि चहाबरोबर तिळाच्या वड्यांची बशी ठेवली. नियम अमेरिकन माणसांना असतात. आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणायचंच असतं, त्याशिवाय घेणाऱ्याला घेता येत नाही. वड्यांना देवयानीने हात लावला नाही तेव्हा आसावरीला वाटलं, बाई चांगल्या वळणाची दिसते.

देवयानी नीलूच्या खोलीत बसली. दार उघडं होतं. आसावरी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती आणि धाकटी भावजय हिमानी, देवदत्तची बायको, दुपारच्या पाहुण्यांसाठी वाणाच्या वाट्या पुसून ठेवत होती. ती जवळच्या ऑरोराहून सकाळीच मदतीला आली होती.

“आणि हा उंट. तो तिरकाच जातो,” खोलीतून नीलूचा आवाज आला. “आबांना बोलता येत नाही ना, मग ते बोट असं वाकडं करतात. म्हणजे उंट. मला लगेच कळतं.”

आसावरीने नळ बंद केला. गेलं वर्षभर ही पोर दोन्ही घरांत फक्त इंग्लिशमध्ये उत्तरं देत होती. मराठीत काही विचारलं तरी इंग्लिशच. आईबाप जे भांडले ते सगळं मराठीत भांडले, तेव्हा पोरीने ती भाषाच टाकली. आणि आता ती त्या परक्या बाईला ‘मला लगेच कळतं’ म्हणून सांगत होती. तिने ओले हात तसेच डोळ्यांना लावले आणि साबण डोळ्यांत गेला.

अशा बाईला तसंच कसं पाठवायचं, असं तिच्या मनात आलं. त्याच दमात हेही आलं की महिनाअखेर फार लांब नाही, बाईचं मन आपल्या बाजूला असलेलं बरं. दोन्ही विचार तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांना त्यांनी अजिबात अडवलं नाही.

देवयानी निघायला उठली तेव्हा हॉलमध्ये तबक तयार होतं. हळद, कुंकू, हलवा, तीळगूळ. ते नीलूच्या हातात होतं, कारण आसावरीने ते तिच्याच हातात दिलं होतं.

“आसावरीताई, हे नको, प्लीज,” देवयानी म्हणाली. “मी कामावर आहे.”

“अहो, कुंकवाला कोणी नाही म्हणतं का संक्रांतीला? पोर उभी आहे बघा तबक घेऊन.”

देवयानीने नीलूकडे पाहिलं. नीलू दोन्ही हातांनी तबक तोलत, ते वाकडं होऊ नये म्हणून ओठ आवळून उभी होती. देवयानी वाकली. आसावरीने हळद लावली, कुंकू लावलं आणि मान न वळवता म्हणाली, “हिमानी, एक फोटो काढ गं.”

“फोटो नको,” देवयानी म्हणाली, पण हिमानीच्या फोनचा आवाज तोवर झाला होता. वाणाला मात्र तिने दोन्ही हात मागे घेऊन साफ नकार दिला. आसावरी हसली, “बरं बाई, राहिलं,” म्हणाली आणि तिचा कोट आणायला गेली. कोट क्लॉझेटमध्ये होता. करंडा आसावरीच्या ओच्यात होता. दारात कोट चढवायला मदत करताना ती हळूच म्हणाली, “रेणूचा स्वभाव तर आता तुम्हाला ठाऊकच झालाय. पासपोर्टचं तेवढं बघा. म्हातारा वाट बघतोय.”

देवयानीने बूट चढवले आणि ती निघाली. गाडीपाशी पोचेपर्यंत तिने हातमोजे घातले नव्हते, खिशात हातही घातला नव्हता. आसावरीने खिडकीतून पाहिलं आणि समाधानाने पडदा सोडला. मग तिने हिमानीकडून फोटो मागवला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, ‘देवयानीताई. आपल्याच आहेत. आता काळजी नाही.’ क्युपर्टिनोच्या आतेबहिणीपासून नागपूरच्या आईपर्यंत सगळ्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

*

मंगळवारी संध्याकाळी देवयानीने व्हिडिओ कॉल ठेवला. फक्त दोघा पालकांनी यायचं, असं तिने कळवलं होतं. सुशांत डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला आणि आसावरी टेबलाच्या समोरच्या बाजूला, म्हणजे लॅपटॉपच्या पाठीमागे. तिला पडदा दिसत नव्हता आणि पडद्यावरच्यांना ती. हिमानी शनिवारी नेलेली पातेली परत द्यायला आली होती, ती सिंकपाशी उभी राहिली. नीलू शाळेच्या दिवसांत रेणूकडे असायची, शनिवार-रविवार सुशांतकडे. त्या वेळी ती पोहायच्या क्लासला असायची.

“मी थोडक्यात सांगते,” देवयानीचा आवाज आला. “शनिवारी सुशांतच्या घरून निघाल्यावर मला माझ्या कोटाच्या खिशात चांदीची एक वस्तू सापडली. ती मी काल कुरिअरने परत पाठवली आहे. त्याच वेळी दारात माझ्याशी नीलांबरीच्या पासपोर्टबद्दल बोलणं झालं. दोन्ही गोष्टी मी दोघांच्या वकिलांना कळवल्या आहेत. मी या केसमधून बाहेर पडतेय.”

“एका डबीसाठी?” सुशांत म्हणाला.

“डबीसाठी नाही, सुशांत. डबीबरोबर काय मागितलं त्यासाठी. दोन्ही एकत्र केलं की त्याला काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको.”

“मला माहीतच नव्हतं. आय स्वेअर. ते ताईने परस्पर केलं.”

टेबलाच्या पलीकडे आसावरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“असेल,” देवयानी म्हणाली. “आणि चूक माझीही आहे. मी कुंकू लावून घ्यायला नको होतं. मुलीच्या हातात तबक होतं म्हणून मला नाही म्हणवलं नाही. पण माझं काम नाही म्हणण्याचंच आहे. आसावरीताई तिथे बसल्या असतील तर त्यांनीही हे ऐकावं.”

मग रेणू बोलली. आसावरीने तिचा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. तो तिला खोल गेल्यासारखा वाटला.

“मला फोटो शनिवारीच आला. देवयानी, तुम्ही सांगायच्या आधी. मी दोन दिवस वाट बघत होते तुम्ही सांगता की नाही. सांगितलंत, ठीक आहे. पण मी तुमच्यासमोर बसून रडलेय. माझ्या आईला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलंय. आणि त्या फोटोत तुमच्या कपाळावर त्या बाईची बोटं आहेत.”

“रेणू, तुमचं म्हणणं मला...”

“मी पासपोर्ट बँकेच्या लॉकरमधून काढून आणला होता. हे बघा. पर्समध्येच आहे. येत्या रविवारी द्यायचा असं माझं ठरलं होतं. उद्या परत ठेवून येते.”

आसावरीला तो पासपोर्ट दिसला नाही. सुशांतचा चेहरा दिसला, तेवढ्यावरून तिला कळलं की तो खरंच पडद्यावर होता.

“एक विनंती आहे,” देवयानी म्हणाली. “मला नीलांबरीला एकदा भेटू द्या. अर्धा तास. मी का जातेय ते मी तिला माझ्या तोंडाने सांगते. नाहीतर ती स्वतःला दोष देईल. तबक तिच्या हातात होतं.”

“नाही,” रेणू म्हणाली. “आता माझ्या मुलीशी कोणी आपलं होऊन बोलायचं नाही.”

“माझीही परवानगी नाही,” सुशांत म्हणाला. “मध्येच सोडून जायचं असेल तर सरळ जा.”

घटस्फोटानंतर दोघांचं हे दुसऱ्यांदा एकमत झालं. आसावरीने तोंड उघडलं. ‘भेटू दे रे तिला’ एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ती तिथे नसायला हवी होती. ती नसल्यासारखी बसून राहिली, आणि कॉल संपला.

“फोटो रेणूकडे गेला कसा?” पहिलं वाक्य तिचं हे होतं. “ग्रुपवर आपलीच माणसं आहेत. कोणी काडी टाकली ते मला कळलंच पाहिजे.”

“मी पाठवला,” हिमानी म्हणाली. पातेलं तिच्या हातातच होतं.

आसावरीला आधी वाटलं, ही दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालतेय. “तू? कशाला?”

“मागच्या संक्रांतीला याच हॉलमध्ये रेणूने वाण दिलं होतं सगळ्यांना. घटस्फोटाची तारीख लागलेली होती तरी ती आली, तुम्हीच बोलावलं म्हणून. यंदा तुम्ही अख्ख्या नेपरव्हिलला बोलावलंत. मी विचारलं, रेणूला? तुम्ही म्हणालात, तिला आता कसलं हळदीकुंकू. आणि कोर्टाच्या बाईला मात्र आग्रह करकरून लावलंत.”

“म्हणून पोरीची वाट लावलीस?”

“मला काय माहीत करंडा खिशात गेलाय ते? मला वाटलं रेणूला कळू दे, एवढंच. तिला राग यावा असं वाटलं. हो, वाटलं. पण मी फोटो नसता पाठवला तरी देवयानीने सांगितलंच असतं. माझ्यावर ढकलू नका, ताई.”

“मी जे केलं ते नीलूसाठी केलं. आबांसाठी केलं.”

“नीलूच्या हातात तबक दिलंत तुम्ही.”

“सुशांत, ऐकतोयस ना ही काय बोलतेय?”

सुशांतने लॅपटॉप मिटला होता. “तिचं काय चुकलं, ताई?” तो म्हणाला. “तुला नको म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं, त्यांनी सांगितलं. माझं लग्न तू ठरवलंस, घर कुठे घ्यायचं ते तू ठरवलंस, माझा वकील तू शोधलास. आता हेही झालं.”

“तुला तोंड होतं ना त्या प्रत्येक वेळी?”

“होतं,” सुशांत म्हणाला. “तुझ्यासमोर नव्हतं.”

हिमानीने पातेलं ओट्यावर ठेवलं, कोट घातला आणि निघून गेली. निघताना तिने वाकून नमस्कार केला नाही. थोड्या वेळाने देवदत्तचा फोन आला, की काही दिवस हिमानीला फोन करू नकोस. आयुष्यभर ज्या भावांना तिने एका दोरीत बांधून ठेवलं होतं, ते एका संध्याकाळीत दोन्ही बाजूंनी तिच्यापासून सुटले, आणि ती दोरी हातात घेऊन कोणावर ओढायची तेही तिला सुचेना.

नागपुरात सकाळ झाली तसा आईचा फोन आला. तिने ग्रुपवरचा फोटो मोठा करून आबांना दाखवला होता.

“आबा सारखे कॅलेंडर दाखवून राहिले,” आई म्हणाली. “मे की जून, असं विचारताहेत. मी काय सांगू त्यांना?”

“बघू,” आसावरी म्हणाली. “शाळेचं नक्की झालं की कळवते.”

“चांगली दिसते हो ती बाई. वाण घेतलं ना तिने?”

“घेतलं,” आसावरी म्हणाली.

*

नवा माणूस नेमायचा तर पुन्हा जज, पुन्हा यादी, पुन्हा तारखा. उन्हाळा त्यातच जाणार हे वकिलाने स्पष्ट सांगितलं. तोवर देवयानीने आपसात ठरवून दिलेलं काहीच लागू नव्हतं, कारण ते कोर्टाच्या ऑर्डरमध्ये नव्हतं. रेणूचा वकील ऑर्डरवर अडला. म्हणजे शाळेतून नेणं बंद, आणि पुन्हा पोलीस स्टेशनचं पार्किंग.

शुक्रवारी नीलू तिथूनच आली. घरी येऊन तिने बूट काढले, जेवायला बसली आणि सुशांतला विचारलं, “व्हेन इज देवयानी कमिंग?”

“तिला दुसरं काम आलंय, बेटा.”

“नो. आई टोल्ड मी. शी सेड आत्या गेव्ह हर अ प्रेझेंट. सो शी हॅज टु स्टॉप.”

सुशांत पोळी वाढायच्या निमित्ताने उठला. आसावरी म्हणाली, “नीलू, अगं, ते तसं नव्हतं,” पण ते अगदी तसंच होतं.

दोन दिवस नीलूने त्यांना काही त्रास दिला नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ओके म्हणाली. रविवारी सकाळी आबांचा कॉल लागला तेव्हा तिने पट मांडला, तीनचार चाली खेळली. आबांनी बोट वाकडं केलं. नीलू पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आय डोन्ट नो व्हॉट दॅट इज, आबा.” नागपूरच्या बाजूला आईने घाईघाईने उंट हलवून दाखवला. आबांचं बोट बराच वेळ तसंच हवेत होतं. आसावरी दारातून आत आलीच नाही.

ती स्वयंपाकघरात गेली आणि वड्या करायला लागली. नीलूला वेलदोडा आवडत नाही, म्हणून बिनवेलदोड्याच्या, पातळ लाटलेल्या. दुपारपर्यंत डबा भरला. सोमवारी सकाळचं तिचं विमान होतं, आणि यापुढचा डबा ती कधी देणार होती ते आता कोणाच्याच हातात नव्हतं.

चार वाजता पार्किंगमध्ये ऊन असूनही थंडी हाडांत शिरत होती. कडेला नांगरलेल्या बर्फाचे काळपट ढीग होते. रेणूची गाडी आधीच येऊन उभी होती, काचा वर. ऑर्डरप्रमाणे मुलीने एकटीने एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं होतं. मोठ्यांनी उतरायचं नव्हतं.

“ताई, बस,” सुशांत म्हणाला. ती उतरली होती.

नीलू पुढे चालली होती, तिने मागे वळून पाहिलं. बॅग पुन्हा सुरू झाली होती, ती तिच्या पाठीवर होती. आसावरीने बर्फातून चार पावलं टाकून तिला गाठलं आणि डबा पुढे केला.

“वड्या आहेत. तुझ्या आवडीच्या. शाळेतून आलं की खा.”

नीलूने डब्याकडे पाहिलं. मग आईच्या गाडीकडे, मग बाबाच्या. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, बॅगेच्या खाली, आणि तिथे एकमेकांत अडकवले.

“नको, आत्या.”

“अगं, तुझ्यासाठीच केल्यात. घे ना. एवढं काय.” आसावरीने डबा तिच्या कोटाशी नेला. नीलू एक पाऊल मागे सरली. ती रागावलेली नव्हती. ती आत्याला एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तशी, हळू, आणि कितीतरी दिवसांनी मराठीत बोलली.

“नको. तुझ्याकडून काही घेतलं की मग परत येता येत नाही.”

आसावरीने हात मागे घेतला.

रेणूने आतून दार ढकललं. नीलू गाडीत बसली, बॅग पायाशी ठेवली, बेल्ट लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. गाडी पार्किंगमधून बाहेर पडून वळेपर्यंत आसावरी तिथेच उभी होती. मागून सुशांतने एकदा हॉर्न दिला, मग तेही सोडून दिलं.